सगळी अंडी एकाच स्लिंग बॅगेत: परदेशात जाताना कागदपत्रं कशी सांभाळायची

पासपोर्ट हरवला तर काय याचा विचार सगळे करतात, पण पासपोर्ट, फोन आणि कार्ड तिन्ही एकदम गेलं तर काय याचा कोणी करत नाही, आणि जातं तेव्हा बरेचदा एकदमच जातं कारण आपणच ते सगळं एका स्लिंग बॅगेत कोंबलेलं असतं. वर म्हणायचं, मेलवर स्कॅन आहेत ना! आहेत हो, पण अनोळखी कॉम्प्युटरवरून मेल उघडायला गेलात की तो ओटीपी मागणार आणि ओटीपी येणार त्या चोराच्या खिशातल्या फोनवर.

म्हणून निघायच्या आधी एक प्रयोग कराच. स्वतःचा फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, घरातल्या कोणाच्या तरी लॅपटॉपवर बसा आणि आपला मेल उघडून दाखवा. बहुतेकांना नाही जमत. गूगलच्या टू स्टेप सेटिंगमध्ये बॅकअप कोड मिळतात, एका वेळी १०, प्रत्येक कोड एकदाच चालतो, ते कागदावर लिहून मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको, फोनबरोबर तेही जातील. पासवर्ड पाठ पाहिजे हे वेगळं सांगायला नको. आणि घरी राहणाऱ्या एका भरवशाच्या माणसाकडे सगळ्या कॉप्या देऊन ठेवा, त्याचा नंबरही पाठ करा, हल्ली आपल्याला घरच्यांचेसुद्धा नंबर पाठ नसतात.

कॉपी कशाकशाची? पासपोर्टचं फोटोवालं पान, व्हिसा, इन्शुरन्स पॉलिसी नंबर आणि त्यांचा फोन नंबर, तिकिटं, आणि तिथे उतरल्यावर एन्ट्रीचा शिक्का मिळाला तर त्याचाही लगेच फोटो. पासपोर्टच्या पानावर खाली दोन ओळी असतात बघा, मधेमधे बाणासारखी चिन्हं असलेल्या, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, त्या फोटोत कापू नका. त्यात नाव, नंबर, जन्मतारीख, एक्सपायरी सगळं असतं, आणि नेमकं म्हणूनच "चाललो फिरायला" म्हणत ते पान स्टेटसला टाकू नका. शिवाय पासपोर्ट साईजचे दोनचार फोटो प्रिंट करून बरोबर घ्या. एक्सपायरी तारीखही आधीच बघा, बरेच देश निदान ६ महिने शिल्लक मागतात.

तिथे फिरताना पासपोर्ट जवळ ठेवायचा की रूमवर? देशावर आहे. जपानसारख्या देशात परदेशी पर्यटकाने मूळ पासपोर्ट जवळ बाळगायचा असा कायदाच आहे, तिथे झेरॉक्स दाखवून भागत नाही. जिथे असा नियम नाही तिथे मी लॉकरमध्ये ठेवतो आणि सोबत दुसऱ्या दिवशी घालायच्या बुटांपैकी एक बूटही आत ठेवतो, हसू नका, एक पाय अनवाणी घेऊन कोणी चेकआऊट करत नाही. जवळ ठेवायचाच तर कपड्यांच्या आत पाऊचमध्ये, झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत घालून, नाहीतर घामाने पानं लोळागोळा होतात, आणि तिकीट काढायला भर रस्त्यात शर्ट वर करून तोच पाऊच उघडत बसू नका. रोजच्या खर्चाचे पैसे आणि एक कार्ड वेगळ्या पाकिटात, दुसरं कार्ड रूमवर.

भाड्याने स्कूटर घेताना पासपोर्ट डिपॉझिट म्हणून मागतात, देऊ नका. परत करताना कुठलातरी जुना ओरखडा दाखवून पैसे मागितले तर तुमची मान त्याच्या हातात. झेरॉक्स द्या, रोख डिपॉझिट द्या, नाहीतर दुसरं दुकान बघा. तसंच साध्या कपड्यातला माणूस आला, पोलीस आहे म्हणाला, खोट्या नोटा तपासायच्यात पाकीट दाखवा म्हणाला, तर पाकीट काढायचंच नाही, शांतपणे म्हणायचं चला पोलीस स्टेशनला. युरोपियन युनियनमध्ये ११२ हा इमर्जन्सी नंबर लावता येतो, बाकी ठिकाणचा नंबर उतरल्या उतरल्या लिहून घ्या.

आणि हरवलाच तर आधी शोधा, नीट शोधा. मी एकदा घाबरून लगेच हरवल्याचा रिपोर्ट करून आलो आणि दोन तासांनी बॅगेच्या फाटलेल्या अस्तरातून पासपोर्ट बाहेर आला. उपयोग शून्य. रिपोर्ट झाला की पासपोर्ट रद्द, हरवलेल्या पासपोर्टचे नंबर इंटरपोलच्या डेटाबेसमध्ये जातात, नंतर सापडलेला पासपोर्ट घेऊन एअरपोर्टला गेलात तर तिथेच अडकाल. खरंच गेला असेल तर मात्र वेळ घालवू नका: आधी कार्ड आणि सिम ब्लॉक, मग पोलीस तक्रार आणि तिची कॉपी मागून घ्यायचीच, मग आपला दूतावास. तिकडून इमर्जन्सी कागद मिळतो, पण तो सहसा घरी परतण्यापुरताच, पुढचे चार देश फिरायचा प्लॅन विसरा. जुन्या पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसाही गेलेला असतो, त्यामुळे काही देशांत बाहेर पडायला तिथल्या इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागते, हे दूतावासातच विचारून घ्या. हॉटेलचं बिल भरायला मात्र दूतावास सहसा पैसे देत नाही.

दूतावास बरेचदा दोन्ही देशांच्या सुट्ट्या पाळतात, त्यामुळे बंद असायची शक्यता दुप्पट. त्यांचा सुट्टीच्या दिवशी लागणारा इमर्जन्सी नंबर वेगळा असतो, तो त्याच बॅकअप कोडवाल्या कागदावर लिहून ठेवा.