कमरेचा डबा: खाणीत पहिल्यांदा उतरणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांसाठी

आपल्याकडं जमिनीखाली काळा पाषाण लागतो, नशीब असेल तर पाणी. कोळसा नाही. त्यामुळं नांदेड-परभणीकडचं पोरगं खाणीत लागलं की नंदीग्राम एक्सप्रेसनं किनवट, आदिलाबाद करत वणी-माजरीला उतरतं. घरी माय विचारते, "खाली अंधारात श्वास कसा घेतूस रं?" पोरगं हसून वेळ मारून नेतं. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. आता आठ वर्षं झाली. दर सुट्टीत गावात कुणी ना कुणी कागद घेऊन येतो, "दादा, फॉर्म भरायलोय, काय काय लागतं?" म्हणून जमेल तेवढं लिहून ठेवतो.

शिक्षणाचं आधी उरकतो. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात खाणकामाची पदविका आहे, तिथल्याच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत पदवी आहे. सरदार किंवा ओव्हरमन, म्हणजे खाली कामावर देखरेख करणारा, व्हायचं तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा द्यावी लागते. त्याबरोबर प्रथमोपचाराचं आणि गॅस तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. अठरा वर्षांच्या आत खाणीत कामाला घेत नाहीत, वयाचा दाखला खोटा करून येऊ नका. खाली उतरण्याआधी व्यावसायिक प्रशिक्षण बंधनकारक आहे, ते 1966 च्या नियमांनुसार होतं. ही माहिती कुठंही मिळेल. जे कुणी नीट सांगत नाही, ते कमरेला लटकणाऱ्या डब्याबद्दल.

लॅम्प रूममधून हाजरीच्या वेळी टोपीचा दिवा मिळतो आणि त्याच्याबरोबर सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे विषारी हवेतून बाहेर पडेपर्यंत श्वास पुरवणारं यंत्र. आम्ही त्याला डबाच म्हणतो. पहिल्या दिवशी मी जेवणाच्या डब्याशी त्याची तुलना करून हसलो होतो. दोन-अडीच किलोचा डबा पट्ट्यात अडकवून आठ तास फिरायचं म्हणजे कंबर दुखते, कोळशाच्या भिंतीला तो घासतो. नवीन पोरं तो काढून फेसवर, म्हणजे कोळसा काढतात त्या जागी, एका कोपऱ्यात ठेवतात. जुनी माणसंही ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. धूर येतो तेव्हा डबा वीस फुटांवर असला काय आणि घरी असला काय, फरक पडत नाही.

त्यामागचं कारण समजायला मला माझ्या गावची विहीर आठवते. मी सहावीत असताना आमच्या थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, पाणी खाली गेलं म्हणून रॉकेलवर चालणारा पंप दोरखंडानं विहिरीत उतरवला. अर्ध्या तासानं तो बिघडला. आबांनी कंदील दोरीला बांधून खाली सोडला, ज्योत नीट जळत होती. "हवा हाय खाली," म्हणत त्यांचा गडी उतरला आणि पंपाला हात लावायच्या आधीच खाली बसला. दुसरा त्याला धरायला निघाला, माझ्या वडिलांनी त्याची कॉलर धरून ठेवली म्हणून एकच माणूस दोरीनं ओढून काढावा लागला. तो वाचला. कित्येक वर्षं आमच्याकडं "विहिरीत काहीतरी आहे" असंच बोललं जायचं.

त्या विहिरीत होता कार्बन मोनॉक्साइड, इंजिनाच्या धुराचा. ऑक्सिजन कमी झाला, साधारण 16-17 टक्क्यांवर आला, की ज्योत विझते. कार्बन मोनॉक्साइडला मात्र कंदील काही सांगत नाही. रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पट ओढीनं त्याला धरतं. म्हणून हवेत तो थोडाच असला तरी माणूस कोसळतो. आपल्या नियमात कामाच्या ठिकाणी त्याची मर्यादा 50 पीपीएम आहे. म्हणजे दहा लाख भाग हवेत पन्नास भाग.

खाणीत तो कुठून येतो? आगीतून आणि स्फोटातून. कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषत आपोआप तापतो, काढून सोडलेल्या भागात, ज्याला गोफ म्हणतात, आतल्या आत पेटतो. कोळशातून सुटणारा मिथेन वायू हवेत 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीची वाट बघत असतो. म्हणून कुठल्याही जागी 1.25 टक्क्यांच्या वर तो चालत नाही. 25 जानेवारी 1994 ला पश्चिम बंगालमधल्या राणीगंज भागातल्या न्यू केंडा खाणीत आग लागली आणि 55 माणसं गेली. भाजून नाही, श्वासातून.

आता डबा. दोन प्रकार आहेत, ते आधी ओळखा. जुना फिल्टरचा. त्यात मँगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइडचं मिश्रण असतं, हॉपकलाइट म्हणतात. ते कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतं. पण हवेत मुळात ऑक्सिजन असेल तरच त्याचा उपयोग. विझलेल्या आगीनंतरच्या मेलेल्या हवेत तो गळ्यात घालून माणूस निवांत मरेल. दुसरा प्रकार स्वतःचा ऑक्सिजन बाळगणारा. आत पोटॅशियम सुपरऑक्साइड. तुमच्या उच्छ्वासातला ओलावा लागला की ते ऑक्सिजन सोडतं आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. बाहेरच्या हवेशी संबंधच उरत नाही. नेहमीचा डबा अर्ध्या तासाचा असतो.

दोन्ही प्रकारांत आत येणारी हवा गरम लागते. फिल्टरच्या डब्यात तर विष जितकं जास्त, हवा तितकी तापते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलंय. प्रशिक्षणाच्या खोलीत धूर सोडला होता, तोंडात रबराचा घास, नाकाला चाप. मिनिटभरात जीभ कोरडी, तोंडात खारट-आंबट चव. छाती म्हणायला लागली, काढ हे. मी काढलं, बाजूच्याला विचारायला की तुझंही असंच होतंय का. मागून आवाज आला, "मेलास. बाजूला बस." सगळ्या बॅचसमोर. राग आला होता. आता वाटतं तो अपमान स्वस्तात पडला.

अमेरिकेतल्या सागो खाणीत 2 जानेवारी 2006 ला स्फोट झाला, बारा जण गेले, एकटा वाचला. त्यानं नंतर सांगितलं की काही डबे चाललेच नाहीत. तपासात मात्र ते डबे सुरू झालेले आढळले. हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा ती प्रशिक्षणाची खोली आठवते. चालू यंत्रही बंद वाटतं, कारण श्वास ओढायला जोर लागतो आणि घाबरलेला माणूस जास्त ओढतो.

घालायचा क्रम हाताला पाठ हवा, डोक्याला नव्हे. अमेरिकेतल्या संशोधकांनी तो तीन आणि तीन असा बसवलाय. त्याआधी तयारी: गुडघ्यावर बसा, टोपी काढून दिव्याचा उजेड डब्यावर येईल अशी ठेवा, पट्टा मानेत घाला. मग जीव वाचवणारे तीन: ऑक्सिजन सुरू करा, घास तोंडात धरा, नाकाला चाप लावा. बाकीचे तीन, चष्मा, पट्टे आवळणं, टोपी परत घालणं, नंतर. आमच्या बॅचमधले बरेच जण आधी चष्म्याशी झटत होते, कारण डोळे चुरचुरत होते. मी रूमवर डोळे बांधून जुन्या प्रशिक्षणाच्या डब्यावर हात बसवला. रूममेट वेड्यात काढायचे.

एकदा घातल्यावर बोलायचं नाही, थुंकायचं नाही, लाळ गिळायची. हातानं खुणा करायच्या. धावायचं नाही. धावलात की अर्ध्या तासाचा ऑक्सिजन कितीतरी आधी संपतो. शांत बसून राहिलं तर जास्त पुरतो.

आणि अर्धा तास म्हणजे किती अंतर, हे तुमचं तुम्ही मोजा. कायद्यानं खाणीला दोन बाहेर पडायच्या वाटा असतात. ताजी हवा आत येते ती वाट आधी ओळखा. मी एका रविवारी ओव्हरमनची परवानगी काढून फेसपासून इन्क्लाइनच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरक्या वाटेच्या, तोंडापर्यंत घड्याळ लावून चाललो, 22 मिनिटं लागली. पुढच्या वेळी दिवा बंद करून, एक हात हॉलेजच्या, म्हणजे गाड्या ओढणाऱ्या, दोरावर ठेवून, सोबत एक जण घेऊन. अर्धा तास उलटून गेला होता आणि चढ अजून बाकी होता. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मग मी साहेबांना विचारलं, मधे जादा डबे कुठं ठेवलेत. त्यांनी जागा दाखवली, हे त्यांच्या नावावर लिहायला हवं.

रोज डबा घेताना बघा: सील तुटलंय का, ठोकर बसून पोचा आलाय का, ओलाव्याची खूण रंग बदललीय का, हलवला की आत खडखडतं का. संशय आला तर लॅम्प रूमच्या खिडकीवर परत द्या. बाबू तोंड वाकडं करेल, करू द्या. डब्यावर बसू नका, जेवणाच्या सुट्टीत उशाला घेऊ नका. उघडून बघू तर मुळीच नका, एकदा उघडला की तो संपला.

गेल्या दिवाळीत आबांनी विचारलं, "तसला एक डबा आणशील का? विहिरीत उतरायला बरं पडंल." त्यांना समजावायला तासभर लागला. हा डबा बाहेर पडायचा आहे, आत जायचा नाही. विषारी हवेत शिरायला रेस्क्यू टीमचं वेगळं यंत्र असतं, पाठीवर पंधरा किलोचं, चार तास चालणारं, आणि ते लावणारी माणसं त्यासाठी महिनोन्महिने सराव करतात. आबा ऐकत होते, पण डोळे विहिरीकडंच होते.

"मग पंप?"

"पंप वर ठेवा आबा. पाइप खाली सोडा."

"पाणी ओढंल का इतकं वरून?"

नाही ओढणार. पाणी पन्नास फुटांवर गेलंय, वर ठेवलेला पंप वीस-पंचवीस फुटांपलीकडून ओढत नाही. म्हणून पाण्यात बुडणाऱ्या विजेच्या मोटारीसाठी मी पैसे पाठवायचं कबूल केलंय. दोन हप्ते गेले, तिसरा या महिन्यात.