खारा वारा आणि एसीचं आउटडोअर युनिट

घर समुद्रासमोर. एसी चालू, पण खोली गार होईना, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. गॅस भरण्याआधी मी आउटडोअर युनिटची मागची बाजू पाहिली. फिन्सवर, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांवर, पांढरी भुकटी, मधल्या फटी मिठाने बुजलेल्या. हवाच जात नव्हती, तर उष्णता बाहेर पडणार कशी?

युनिटच्या कॉइलमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागात, नळी बहुधा तांब्याची आणि तिच्यावरच्या फिन्स ॲल्युमिनियमच्या असतात. दोन धातूंमध्ये खारट ओल साचली की ॲल्युमिनियम आधी झिजतं. म्हणून मीठ वेळच्या वेळी धुऊन काढणं हाच खरा उपाय.

एसीचा एमसीबी (विजेचा खटका) बंद केला. नळाच्या गोड्या पाण्याची हलकी धार फिन्सच्या उभ्या रेषेत, वरून खाली सोडली. प्रेशर वॉशर अजिबात नको, फिन्स दुमडतात. ॲसिडचं क्लीनरही नको. वायरिंगच्या बाजूला पाणी जाऊ दिलं नाही. पूर्ण वाळल्यावरच एसी सुरू केला, गारवा परतला.

आता दर महिन्याला धुतो. स्टँडचे गंजके बोल्ट काढून खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेड स्टेनलेस स्टीलचे बसवले. युनिट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते.