यकृताच्या फायब्रोसिसवर चिनी औषध घेताना

वर्षानुवर्षे सूज राहिली की यकृतात चिवट तंतू साचत जातात, हाच फायब्रोसिस. चीनमध्ये त्यावर वनौषधी देतात, ती मूळ आजाराच्या उपचाराच्या जोडीला. हेपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही विषाणूविरोधी गोळी चालूच ठेवायची. काढ्याच्या भरवशावर ही गोळी सोडली तर विषाणू उसळतो आणि यकृत निकामी होऊ शकते. कारण दारू असेल तर आधी दारू सुटली पाहिजे.

सुरुवात मोजमापाने करा. तीन तास उपाशी राहून फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करा आणि रक्ताच्या रिपोर्टवरून फिब-४ हा फायब्रोसिसच्या धोक्याचा आकडा काढा: वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचे वर्गमूळ). एएसटी आणि एएलटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स. वय ५२, एएसटी ६४, प्लेटलेट १ लाख ३० हजार, एएलटी ८१ असेल, तर ३३२८ भागिले ११७०, म्हणजे २.८४. १.३ च्या खाली धोका कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञाला दाखवायलाच हवे.

सर्वाधिक अभ्यासलेले तयार औषध म्हणजे शांघायमध्ये विकसित झालेले 'फूझंग हुआयू'. त्यात सहा घटक: दानशेनचे (तांबडा सेज) मूळ, कॉर्डिसेप्स या बुरशीची किण्वित पूड, पीचच्या बियांचा गर, जिआओगूलान ही वेल, वूवेइझची (शिझान्ड्रा) फळे आणि पाइनचे पराग. नेहमीचा डोस एका वेळी १.५ ग्रॅम, दिवसातून तीनदा, २४ आठवडे. गरोदरपणी घेऊ नये. दानशेन वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवते, रक्तस्राव होऊ शकतो. यकृत प्रत्यारोपण झालेल्यांनी तर वूवेइझला हातच लावू नये, त्याने टॅक्रोलिमसची (शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून दिलेले औषध) रक्तातली पातळी चढते.

वूवेइझची आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण लोक इथेच फसतात. ते एएलटी खाली आणते. रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण तंतू तसेच असू शकतात. फक्त एएलटी पाहून औषध लागू पडले असे मानू नका.

काढा वैद्याने लिहून दिला असेल तर मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करा. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम नको. औषधे अर्धा तास भिजवा, पाणी त्यांच्या वर दोन बोटे हवे. उकळी आल्यावर मंद आचेवर २०-३० मिनिटे ठेवून गाळा. त्याच चोथ्यात पाणी घालून पुन्हा उकळा, दोन्ही पाणी एकत्र करून दिवसात दोनदा घ्या. काही नुस्ख्यांत मऊ पाठीच्या कासवाचे कवच असते. भारतीय मऊ पाठीचे कासव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे ते इथे शोधू नका.

'नैसर्गिक' शब्दावर विसंबू नका. जपानमध्ये यकृताच्या आजारावर सर्रास दिल्या जाणाऱ्या शाओ चायहू काढ्याने ८८ जणांना फुप्फुसाचा दाह झाला आणि त्यातले १० दगावले. ही नोंद १९९६ मधली. ज्येष्ठमधाने पोटॅशियम घटते आणि अंगात पाणी साचते, म्हणून जलोदर असणाऱ्यांनी तो टाळावा. 'हेशोउवू' आणि 'तूसानची' या चिनी वनौषधी यकृतालाच इजा करतात. घटकांची पूर्ण यादी नसलेली पुडी विकत घेऊ नका.

पहिले तीन महिने दर महिन्याला एएलटी, बिलिरुबिन (काविळीचे माप) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे माप) तपासा. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, काळी शौच, धाप लागणे किंवा गोंधळल्यासारखे होणे, यातले काहीही दिसले तर औषध थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा, औषधाचा डबा सोबत न्या. २४ आठवड्यांनी फायब्रोस्कॅन त्याच मशीनवर, पुन्हा तीन तास उपाशी राहूनच करा. जेवून गेलात तर आकडा उगाच चढतो आणि तुलना वाया जाते.