मुंबईचा उन्हाळा आणि मोजकं कपाट: या चुका टाळा

कॅप्सूल वॉर्डरोब म्हणजे एका मोसमापुरते निवडलेले, एकमेकांवर चालणारे मोजके कपडे. कल्पना चांगली आहे. घोटाळा होतो तो दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उचलताना. अमेरिकन डिझायनर डोना करन यांनी १९८५ मध्ये सात कपड्यांचा संच बाजारात आणला आणि ही कल्पना गाजली. पण तो संच न्यूयॉर्कच्या हवेसाठी होता. तिथे एकच जॅकेट आठवड्यात चार वेळा घालता येतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये घराच्या जिन्यावरून स्टेशनपर्यंत जाऊन आलेला कुर्तासुद्धा संध्याकाळी धुण्याच्या बादलीत जातो.

नागपूरच्या नातेवाइकांचा सल्लाही इथे अर्धाच उपयोगी. विदर्भात मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. घाम येतो आणि लगेच सुकतो, म्हणून तिथे अंगभर झाकून घेणं शहाणपणाचं. मुंबईत पारा बहुतेक दिवस ३३-३४ च्या आसपास असतो, पण हवेत ओलावा इतका की घाम सुकायला जागाच नाही. इथल्या कपड्याचं पहिलं काम म्हणजे घाम टिपणं आणि अंगाला चिकटून न बसणं.

चूक पहिली: जोड्या मोजणं, धुणं न मोजणं

बहुतेक जण कागदावर हिशेब मांडतात: पाच टॉप, चार पँट, म्हणजे वीस जोड्या, म्हणजे वीस दिवस निघाले. मुंबईत हा हिशेब चौथ्या दिवशी कोसळतो. तुमच्याकडे किती जोड्या बनतात याला फार अर्थ नाही, दोरीवरून कपडा परत कपाटात किती दिवसांनी येतो याला आहे. म्हणून आधी धुणं मोजा.

वरच्या कपड्यांचा आकडा असा काढा: दोन धुण्यांमधले दिवस, अधिक वाळणं आणि इस्त्रीचे दिवस, अधिक दोन राखीव. मशीन दर तिसऱ्या दिवशी लागत असेल आणि इस्त्रीवाला दोन दिवसांनी कपडे आणून देत असेल, तर ३ + २ + २, म्हणजे सात. रोज हाताने धुऊन, इस्त्रीशिवाय चालणारे कपडे घालत असाल तर १ + १ + २, चारही पुरतात. आठवड्यातून एकदाच धुणं असेल तर अकरा लागतील, आणि तेव्हा कपडे कमी करण्याऐवजी धुणं आठवड्यातून दोनदा करणं सोपं पडतं.

इस्त्रीचे दिवस मोजताना मे महिना विसरू नका. याच सुट्टीत इस्त्रीवाला गावी जातो आणि दहा-पंधरा दिवस कोपरा रिकामा असतो. सातपैकी निदान तीन कपडे बिनइस्त्रीचे चालतील असे हवेत: सीअरसकर (विणीतच चुण्या असलेलं सुती कापड), क्रशचं सुती कापड, निटचा सुती टी-शर्ट, बारीक चुणीचा कुर्ता.

खालचे कपडे वरच्यांच्या निम्मे, म्हणजे चार. सुती किंवा लिननची पँट रात्रभर पंख्याखाली टांगून दोनदा घालता येते, तिसऱ्यांदा नको. आतले कपडे मात्र कमी करायच्या फंदात पडू नका. उकाड्यात दिवसातून दोनदा बदलावे लागतात, तेव्हा आठ तरी हवेत, आणि सगळे सुती. घामोळं आणि काखा-जांघांतली खाज यांची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

चूक दुसरी: ‘कॉटन’ या शब्दावर विश्वास

‘कॉटन फील’, ‘कॉटन मिक्स’, ‘सॉफ्ट कॉटन’ या पाट्यांचा अर्थ दुकानदारागणिक बदलतो. कपड्याच्या आतली शिवणीतली चिठ्ठी वाचा. टक्के तिथे असतात. मंगलदास मार्केटमध्ये किंवा दादरला हिंदमाताला मीटरवर कापड घेताना चिठ्ठी नसते. तिथे थोडं कापड घेऊन घरी तपासा आणि मगच बाकीचं घ्या.

कडेचा एक धागा चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो, आणि उरलेली राख बोटात चुरली जाते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि कडक मणी उरतो. राखेत बारीक कडक कण लागले तर मिसळलेलं कापड.

फसवतं ते रेयॉन. ते लाकडाच्या लगद्यापासून होतं, म्हणून जळताना सुतासारखंच वागतं. त्याची परीक्षा वेगळी: धागा मधोमध ओला करा आणि दोन्ही टोकांनी ओढा. ओल्या जागी पटकन तुटला तर रेयॉन. सुती धागा ओला झाला की उलट मजबूत होतो. रेयॉन वाईट नाही, दुकानात हाताला गार आणि मऊ लागतं, म्हणूनच ते खपतं. पण घामाने भिजलं की जड होऊन पाठीला चिकटतं, धुताना आटतं आणि पिळताना त्याचा आकार जातो. सातात एखादा कुर्ता असू द्या, सातच्या सात नकोत.

दुसरा प्रश्न वजनाचा. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम. मलमल साधारण ६० ते ८०, केंब्रिक १०० च्या आत, पॉपलिन ११०-१२०, शर्टाचं लिनन १३० ते १५०. टी-शर्ट नेहमी १८० चे मिळतात. उन्हाळ्यासाठी १६० च्या वर जाऊ नका. आता जीन्स बघा: बारा औंसाचं डेनिम म्हणजे जवळजवळ ४०० ग्रॅम. उन्हाळी संचात जीन्सला जागा का नाही हे एवढ्यावरून कळतं. ती नकोच असं नाही, पण नित्याच्या चारांत ती धरू नका.

लिननला चुण्या पडणारच. त्या चालत नसतील तर लिनन घेऊच नका. रोज कडक इस्त्री करून ते लवकर घड्यांवर झिजतं.

चूक तिसरी: बाहेर मलमल, आत प्लास्टिक

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. छान हातमागाचं कापड घ्यायचं, आणि शिंप्याकडे ‘अस्तर तुम्हीच लावा’ म्हणून मोकळं व्हायचं. तो जे अस्तर लावतो ते बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं क्रेप असतं, कारण ते स्वस्त आणि शिवायला सरळ. मग कुर्ता बाहेरून सुती आणि अंगाला लागतो तो पॉलिएस्टर. अस्तर स्वतः विकत घ्या: केंब्रिक किंवा मलमल, कापडाच्याच रंगाचं. कापड फार पारदर्शक नसेल तर अस्तर लावूच नका, खाली सुती शमीज घाला; ती रोज धुता येते.

शिवायला टाकण्याआधी कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, वेगवेगळ्या बादल्यांत, आणि सावलीत वाळवा. कोरं सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकतं. ४४ इंच उंचीचा कुर्ता ५ टक्के आटला की दोन इंच गेले. आणि अस्तर आटलं, बाहेरचं नाही, तर पहिल्याच धुण्यानंतर शिवणी गोळा होतात. ते नंतर कुठलीही इस्त्री सरळ करू शकत नाही.

कापड किती? ४४ इंच पन्ह्यात गुडघ्याखालच्या, पाऊण बाह्यांच्या कुर्त्याला अडीच मीटर. ५८ इंच पन्ह्यात पुरुषांच्या शर्टाला १.६० मीटर आणि पँटला १.२० ते १.३०. आटण्यासाठी १० सेंटिमीटर जास्तच घ्या. शिंप्याला दोन्ही बाजूंना पाऊण इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडायला सांगा.

मापात छातीला अंगापेक्षा चार इंच मोकळीक ठेवा, दंडाला दोन-तीन इंच. हवा खेळावी म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेजवळची गोलाई, मात्र खाली उतरवू नका. मुंढा खोल झाला की हात वर करताच अख्खा कुर्ता वर ओढला जातो. ट्रायलच्या वेळी लोकलची कडी धरल्यासारखा हात वर करून बघा. पोट उघडं पडलं किंवा काखेत ताण आला तर तिथेच परत द्या. आणि खिसा मागून घ्या. बाजूच्या शिवणीतला खोल खिसा बाईच्या कुर्त्यालाही बसतो, फक्त आधी सांगावं लागतं.

रंग: घाम कुठे दिसतो

घामाचा डाग सर्वांत जास्त दिसतो तो मधल्या रंगांवर, म्हणजे करडा, आकाशी, फिकट खाकी, मोतिया गुलाबी. आणि ‘मिनिमल’ याद्यांत नेमके हेच रंग भरलेले असतात. पांढऱ्यावर, गडद निळ्यावर आणि बारीक छापाच्या कापडावर तो फारसा दिसत नाही. करड्या टी-शर्टएवढा वाईट पर्याय मुंबईच्या उन्हाळ्यात दुसरा नाही.

सातांची वाटणी अशी करता येईल: दोन पांढरे किंवा मळखाऊ पांढरे, दोन बारीक छापाचे, एक गडद निळा, दोन तुमच्या आवडीचे. खालच्या चारांत गडद निळा, खाकी, पांढरा आणि एक काळा किंवा मातकट. प्रत्येक पँट सातांपैकी निदान चारांवर गेली पाहिजे. जाणार नसेल तर ती घेऊ नका, कितीही स्वस्त असो. पांढऱ्या कपड्याच्या आत पांढरं घालू नका, ते उठून दिसतं. अंगाच्या रंगाचं घाला.

इंडिगो म्हणजे निळीने रंगवलेलं, किंवा दाबू, गडद अजरख असं ठशांनी छापलेलं कापड घेताना पांढरा ओला रुमाल कापडावर दहा वेळा घासा. रुमाल रंगला तर घामाने तुमची पर्स आणि आतले कपडेही रंगणार. तीन-चार धुणी वेगळी करून मगच बाहेर घाला.

खालचे कपडे, थोडक्यात

लेगिंग्ज मांड्यांना घासत नाहीत, पण हवाही जाऊ देत नाहीत. सैल सुती पँट बरी. पलाझोचा घेर सुखाचा असतो, लांबी घातक: घोट्याच्या वर दोन बोटं ठेवा, नाहीतर पुलाच्या जिन्यावर गर्दीत कोणाचा तरी पाय त्यावर पडतोच. पावलांसाठी दोन जोड, आलटून पालटून. घामाने ओलावलेल्या चपलेला किंवा बुटाला सुकायला पूर्ण दिवस लागतो.

एसीचा विसर

बाहेर चिकचिक आणि ऑफिसात २२ अंश. ओल्या पाठीने एसीखाली बसलं की हुडहुडी भरते, म्हणून लोक जाड जॅकेट घेतात आणि ते रोज प्रवासात वागवतात. एक सुती ओढणी किंवा मोकळा, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट ऑफिसच्या खणातच ठेवा. एसी लोकलने जात असाल तर तो बॅगेत. हा संचातला एकमेव थर. दुसरा लागत नाही.

लग्न, मुंज आणि रेशीम

मेमधला मुहूर्त दुपारचा, हॉलमधला एसी भटजींच्या धुरापुढे हतबल. अशा ठिकाणी भरजरी रेशमावर काखेत पडलेला घामाचा डाग घरी निघत नाही. संचात एक समारंभी कपडा आधीच धरा: सुती-रेशमी महेश्वरी, किंवा खणाच्या ब्लाउजवर साधी सुती साडी, पुरुषांना लिननचा कुर्ता. रेशीमच नेसायचं असेल तर ब्लाउजला काखेत सुती घामपट्टी लावून घ्या आणि घरी आल्यावर साडी घडी न करता रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवा.

बिघाड आणि उपाय

काखेत पिवळे डाग: घाम आणि घामरोधक स्टिकमधले अॅल्युमिनियमचे क्षार मिळून ते बनतात. क्लोरिनचं ब्लीच टाकलं की डाग अधिक पिवळा होतो. एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, त्यात अर्धा तास भिजवा. मग खाण्याच्या सोड्याची लगदी लावून मऊ ब्रशने चोळा आणि धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. डाग गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. उष्णतेने तो पक्का बसतो. स्टिक लावल्यावर पाच मिनिटं थांबून कपडा घातला तर हे डाग मुळात कमी पडतात.

धुऊनही कुबट वास: कपडे ओल्या घामासकट टोपलीत दडपले जातात, हे पहिलं कारण. आल्या आल्या आधी खुर्चीवर किंवा दोरीवर पसरा. दुसरं कारण जास्त पावडर आणि मऊपणासाठी टाकलेलं सॉफ्टनर. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि वास आत अडकतो. कपडा उलटा करून, पावडर कमी करून धुवा. पॉलिएस्टरमधला वास तरीही राहिला तर तो कपडा संचातून काढा.

सुती कपडा लुळा आणि चिकट वाटतो: खळ जास्त. कोरड्या गावात कांजी केलेली साडी दिवसभर ताठ राहते. इथे दमट हवेत ती दुपारपर्यंत मऊ पडून अंगाला चिकटते, शिवाय कापडाची छिद्रं बुजतात. उन्हाळ्यात खळ नको.

रंग उडाला: खिडकीच्या ग्रिलवरचं दुपारचं ऊन. उलटे करून वाळत घाला आणि वाळताच आत घ्या.

खरेदी आणि आवराआवर कधी

मेमध्ये उन्हाळी खरेदी करणं ही शेवटची चूक. मार्चमध्येच समुद्रावरचा वारा उशिरा सुटला की एखाद्या दिवशी पारा ३८ च्या पुढे जातो. होळीच्या आत संच तयार हवा. दुसऱ्या टोकाला, मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात, कडक ऊन असेपर्यंत, लिनन आणि पांढरे कपडे धुऊन पूर्ण वाळवा आणि जुन्या सुती चादरीत बांधून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. खळ आणि घाम राहिलेल्या कपड्याला कसर लागते. गडद निळी पँट चिखल लपवेल म्हणून बाहेर राहू दिली जाते. ती जाड सुती असेल तर तिलाही आत टाका, जूनमध्ये ती दोन दिवस वाळत नाही.