प्लायवूडचा काइटबोर्ड घरी कसा बनवावा

काइटबोर्ड म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने पाण्यावर घसरत जायची, पायाखालची फळी. ती माणसाला तरंगवत नाही. काइटच्या ओढीने वेग आला की पाणीच फळीला खालून उचलून धरतं. त्यामुळे आत फोम किंवा हवा असण्याची गरज नसते. ९ मिमी जाडीची, नेमका बाक असलेली फळी पुरते, आणि ती प्लायवूडमधून उत्तम बनते. जीव ओतायचा तो दोनच ठिकाणी: बाक आणि स्क्रूंची भोकं. कडेची रेषा थोडी इकडेतिकडे झाली तरी बोर्ड चालतो. बाक जास्त झाला तर तो पाणी ढकलत बसतो, आणि भोकातून पाणी शिरलं तर आतून कुजतो.

इथे सांगतो आहे तो ट्विन-टिप, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड. साधारण ७५ ते ८० किलो वजनाच्या माणसाला १४० सेंमी लांब आणि ४१ सेंमी रुंद हे माप छान जमतं. ६० किलोच्या आसपास असाल तर १३३ × ३९ घ्या.

लाकूड

३ मिमीचे तीन मरीन प्लाय (पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाचे) घ्या, प्रत्येकी १५० × ४५ सेंमी. वरच्या पापुद्र्याची रेषा लांबीच्या दिशेने हवी. आडवी असेल तर बोर्ड मऊ पडतो आणि पायाखाली तुटू शकतो. प्लाय बर्च किंवा ओकुमे या लाकडाचा घ्या. बर्चचा बोर्ड तीन किलोंच्या थोडा वर जातो, ओकुमेचा दोन किलोंच्या जवळपास राहतो. बर्च जास्त ताठ आणि चिवट असतो. पहिल्या बोर्डासाठी मी तोच निवडेन. खरेदीआधी एक लहान तुकडा मिळवून तासभर पाण्यात उकळा. थर सुटले तर तो प्लाय घेऊ नका, त्यावर शिक्का कुठलाही असो.

साचा

फळीचा मध्य टेकवला की टोकं जितकी वर उचललेली दिसतात, त्याला रॉकर म्हणतात. १४० सेंमीच्या बोर्डाला ४० मिमी रॉकर चांगला. साचा मात्र ४० चा करून चालत नाही, कारण चिकटवलेली फळी साच्यातून सुटली की थोडी सरळ होते. सारख्या जाडीचे दोन थर असतील तर जवळपास एक चतुर्थांश बाक जातो, तीन असतील तर एक नवमांश. दोन थरांऐवजी तीन घेण्याचं खरं कारण हेच. म्हणून साचा ४५ मिमीचा करा.

१८ मिमी प्लायच्या दोन पट्ट्या एकमेकींना स्क्रूने जोडून एकदमच कापा, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतील. उंचवटा मध्यावर, आणि तिथून दोन्हीकडे उतार: १० सेंमीवर १ मिमी, २० वर ३.७, ३० वर ८.३, ४० वर १४.७, ५० वर २३, ६० वर ३३, ७० वर ४५ आणि अगदी टोकाला, ७५ वर, ५१.७. या खुणांवर खिळे ठोकून लवचीक पट्टी टेकवा आणि रेघ ओढा. मग पट्ट्या ४० सेंमी अंतरावर उभ्या करून दर १० सेंमीवर आडव्या फळ्या बसवा. दोन टोकांना सरळ काठ्या ठेवून नजर लावा. त्या समांतर दिसल्या नाहीत तर साच्यात पीळ आहे. तो आत्ताच काढा. चिकटलेल्या फळीतला पीळ नंतर कशानेही निघत नाही.

विकत मिळणाऱ्या बऱ्याच बोर्डांच्या तळाला आडवा खोलगटपणाही असतो. तो इथे नको. प्लाय एका दिशेने सहज वाकतो, पण एकाच वेळी दोन दिशांना वाकवला तर सुरकुततो किंवा तडकतो. सपाट तळाच्या बोर्डाची कडही पाण्यात नीट पकड धरते.

चिकटवणं

गोंद इपॉक्सीच, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा. पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि बाक कमी होतो. साच्यावर प्लॅस्टिक अंथरा. हातमोजे घालाच: इपॉक्सी वारंवार त्वचेला लागलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. आधी दोन्ही पृष्ठांवर नुसत्या इपॉक्सीचा पातळ थर द्या, मग लाकडाच्या बारीक भुशाने दाट केलेलं मिश्रण पसरा. प्रत्येक सांध्याला साधारण २५० ग्रॅम लागतं. मिश्रण खोल भांड्यात साठवू नका, ते तापून मिनिटांत घट्ट होतं.

थर साच्यावर ठेवून वर आडव्या पट्ट्या टाका आणि क्लॅम्प मध्यापासून टोकांकडे आवळत जा, म्हणजे हवा बाहेर निघते. कडेने गोंदाची बारीक ओळ डोकावली की थांबा. जास्त आवळलं तर सांध्यात गोंदच उरत नाही. २४ तास हात लावू नका. गारठा असेल तर ४८.

आकार

पाव भागाचा पातळ नमुना कापा आणि तोच चारदा पालटून आखा, सममिती आपोआप येते. साच्याकडे असलेली बाजू म्हणजे बोर्डाची वरची बाजू. जिगसॉने रेघेच्या २ मिमी बाहेरून कापून रंध्याने रेघेपर्यंत या.

आता शेवटच्या २५ सेंमीत वरच्या बाजूने रंधा मारून टोकं ९ वरून ६ मिमीवर आणा. इथे प्लाय स्वतःच मदत करतो. जसजसं तासाल तसे गोंदाचे गडद पट्टे उघडे पडतात. ते सरळ आणि चारही कोपऱ्यांत सारखे दिसले की उतार बरोबर आला. मला या कामातला सर्वांत सुंदर टप्पा हाच वाटतो.

वरची कड ६ मिमी गोल करा. खालची जवळजवळ धारदार हवी, तिनेच पाणी धरायचं असतं.

भोकं

दोन पायांच्या फूटस्ट्रॅपमध्ये (पाय अडकवायच्या पट्ट्यांमध्ये) मध्यापासून मध्यापर्यंत ५४ सेंमी अंतर ठेवा. पॅड, म्हणजे तळव्याखालच्या गाद्या, प्रत्यक्ष ठेवून खुणा करा. फिन, म्हणजे तळाला लागणारे छोटे पंख, कडेपासून ३ सेंमी आत.

प्रत्येक भोक आधी १२ मिमीचं पाडा. खालून टेप लावून ते दाट इपॉक्सीने भरा, सुकू द्या, आणि त्याच्या मध्यातून स्क्रूच्या मापाचं भोक पाडा. आता स्क्रू लाकडाला कुठेही शिवत नाही. पॅडसाठी एम-६ चे (६ मिमी स्क्रूचे) स्टेनलेस टी-नट, म्हणजे चकती असलेले नट, तळाकडून, चकती खोबणीत बसवून, इपॉक्सीतच बसवा. आटे मेणाने बुजवून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथली घाई बोर्डाचं आयुष्य कमी करते.

काचकापड

दोन्ही बाजूंना चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं काचतंतूंचं कापड इपॉक्सीने चिकटवलं की पुरे. आधी तळ, मग वरची बाजू. वरचं कापड गोल कडेवरून खाली वळवा. धारदार कडेवर कापड वळत नाही, म्हणून तिथे दाट इपॉक्सीची कड घालून नंतर कानशीने धार काढा. सुकल्यावर पृष्ठभाग चिकट, मेणचट लागला तर घासण्याआधी पाण्याने धुवा. घासताना चांगला मास्क हवा.

पाण्याआधी

आठवडाभर पूर्ण कडक होऊ द्या. मग टोकांखाली दोन ठोकळे ठेवून मध्यावर हळूच उभे राहा. फळी लवचीकपणे दबून परत यायला हवी. कुरकुर ऐकू आली तर तो बोर्ड पाण्यात नेऊ नका. मगच ४ ते ५ सेंमीच्या चार फिन आणि पॅड लावा.

पहिली फेरी हलक्या, स्थिर वाऱ्यात करा आणि परतल्यावर सगळे स्क्रू पुन्हा आवळा. कुठे टवका उडून लाकूड दिसलं तर त्यावर लगेच इपॉक्सी लावू नका. गोड्या पाण्याने धुऊन काही दिवस सावलीत पूर्ण वाळवा, आणि मगच बुजवा.