बाहेरच्यांना मोकळी वेळ कळवताय? या चुका टाळा

सांगलीच्या हळद बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागायचा नाही. हे आठवायचं कारण असं की, ओळखीच्या एका हळद व्यापाऱ्यानं दुबईच्या खरेदीदाराला ‘मी कधी मोकळा असतो ते तुम्हीच बघा’ म्हणून कॅलेंडरची लिंक पाठवली. पलीकडं खरेदी बघणारा गडी निघाला नाशिकचा. त्यानं मोकळी वेळ तर बघितलीच, शिवाय गुरुवारच्या चौकोनातलं ‘दुबई कॉल, शेवटी ४ टक्के सोडायचे’ हेही वाचलं. फोन लागल्या लागल्या त्यानं ४ टक्केच मागितले.

लिंक मीच लावून दिली होती, त्यामुळं बोलणीही मीच खाल्ली.

चूक साधी होती. बाहेरच्याला कॅलेंडर देताना दोन वेगळ्या गोष्टी देता येतात: नुसतं ‘मोकळा की गुंतलेला’ किंवा कामाच्या नावासकट सगळा तपशील. गूगल कॅलेंडरमध्ये लिंक सार्वजनिक करताना शेजारच्या यादीत ‘फक्त फ्री/बिझी’ हा पर्याय असतो, तो निवडायचा. आउटलुकमध्ये कॅलेंडर प्रकाशित करताना तीन पायऱ्या दिसतात: फक्त व्यस्त वेळ, कामाचं नाव आणि ठिकाण, सगळा तपशील. पहिल्या पायरीच्या पुढं जायचं कारण मला तरी आजवर सापडलेलं नाही. गूगलमध्ये कॅलेंडरच्या लिंकचा आणखी एक ‘गुप्त पत्ता’ असतो. नावाला भुलू नका. तो ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं वाचता येतं, आणि व्हॉट्सॲपवर एकदा गेलेला पत्ता कुठवर फिरेल याचा नेम नाही. चुकून गेलाच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तो रीसेट करा, म्हणजे जुना पत्ता बाद होतो. शिवाय गूगलवर ‘सार्वजनिक’ म्हणजे खरोखरच चव्हाट्यावर. ते कॅलेंडर शोधातही सापडू शकतं.

‘आमच्याकडं तर दिसतंय!’

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात एकानं शेजारच्या टेबलावर विचारलं, ‘माझं कॅलेंडर दिसतंय का?’ शेजारी हो म्हणाला. दिसणारच की! एकाच संस्थेच्या ईमेलवर असलेल्यांना एकमेकांची मोकळी वेळ बहुतेक वेळा आपोआप दिसते. जर्मनीतल्या गिऱ्हाईकाला मात्र काहीच दिसत नव्हतं. लिंक तपासायची तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, कुठल्याही खात्यात लॉगिन न करता ती लिंक तिथं टाकायची. जे दिसेल तेच परक्याला दिसतं.

बाहेर दाखवायचा पर्यायच फिका पडलेला असेल, दाबला तरी दबत नसेल, तर संगणकाला शिव्या देऊ नका. कंपनीच्या खात्यात बाहेर किती दाखवायचं हे ॲडमिन, म्हणजे कंपनीची खाती सांभाळणारा, ठरवतो, आणि त्यानं घातलेल्या मर्यादेपलीकडं तुम्हाला जाता येत नाही. त्याला ‘कॅलेंडर शेअर करायचंय’ असं मोघम सांगू नका. ‘बाहेरच्यांना फक्त फ्री/बिझी दिसू दे’ म्हणा. एवढ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

समोरचा म्हणतो, ‘तुमचं जुनंच दिसतंय’, तेव्हा बहुधा त्यानं तुमच्या कॅलेंडरच्या नोंदींची फाइल (आयसीएस) उतरवून आपल्या कॅलेंडरात भरलेली असते. तो त्या दिवसाचा फोटो झाला. नंतरचे बदल त्यात येत नाहीत. फाइल भरायची नाही, लिंकचं सदस्यत्व घ्यायचं, म्हणजे ‘सबस्क्राइब’ करायचं. पण तेही तात्काळ नसतं. बदल पोचायला कित्येक तास लागतात, कधीकधी दिवसही जातो. आज दुपारच्या भेटीसाठी या लिंकवर विसंबणं म्हणजे कालच्या पेपरात आजचा भाव बघणं.

रिकामं दिसतं म्हणजे मोकळं नसतं

कॅलेंडरात जे लिहिलेलं नाही ते परक्याला मोकळं दिसतं. पहाटेचे ३ सुद्धा. ‘कामाचे तास’ ठरवून ठेवले तरी प्रकाशित लिंकमध्ये ते उतरतीलच असं नाही. जेवण, सांगलीहून कोल्हापूरला जाण्यायेण्याचा वेळ, हे सगळं स्वतः अडवून ठेवावं लागतं. आणि दिवसभराची नोंद तर हमखास फसवते. ‘गावी, जत्रा’ अशी पूर्ण दिवसाची नोंद केली की गूगल आणि आउटलुक दोन्ही ती बहुधा ‘मोकळा’ म्हणूनच धरतात. ती उघडून हातानं ‘बिझी’ करावी लागते. जत्रेत, हातात नारळ, आणि फोनवर ‘व्हेअर आर यू’. हा प्रसंग कोणावर न येवो.

घड्याळाचा घोळ तर वर्षातून दोनदा ठरलेला. मिरजेतल्या एका सतारमेकरचं न्यूयॉर्कचं गिऱ्हाईक दर पंधरवड्याला तंबोऱ्याचं काम व्हिडिओवर बघायचं. हिवाळ्यात तिकडचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढं जातात आणि तेच ९ आपल्याकडं साडेसहा होतात. आपलं घड्याळ हलत नाही, म्हणून आपल्या ध्यानातही येत नाही. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतो, त्यामुळं मधले दोन-तीन आठवडे अमेरिका एकीकडं, जर्मनी दुसरीकडं. जर्मनीशी फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा, उन्हाळ्यात साडेतीनचा. दर वेळची भेट ठरवताना कुणाची वेळ कायम राहणार ते आधी बोलून घ्या, आणि नोंद त्याच्याच टाइम झोनमध्ये करा. तारीखही ५/६ अशी लिहू नका, अमेरिकन माणूस ती ६ मे वाचतो. नुसतं ‘आयएसटी’ लिहिणंही टाळा. इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात. ‘भारतीय वेळ’ असं सरळ लिहा.

ज्यांच्याकडं रोज नवी माणसं वेळ मागतात त्यांनी कॅलेंडर न देता बुकिंगचं पान द्यावं. समोरच्याला फक्त उपलब्ध वेळा दिसतात आणि निवडलेली वेळ लगेच अडते. तिथं दोन गोष्टी बघा: दोन भेटींत फट ठेवलीय का, आणि ते पान तुमचं नेमकं कुठलं कॅलेंडर तपासतं. घरचं कॅलेंडर वेगळं असेल आणि पान ते बघतच नसेल, तर मुलाच्या पालकसभेच्या वेळेलाच भेट येऊन बसते.

महिन्यातून दोन-चारच भेटी असतील तर यातलं काहीच नको. तीन वेळा सुचवा, दोन्हीकडच्या घड्याळानुसार लिहा, उत्तर येईपर्यंत तिन्ही आपल्या कॅलेंडरात अडवून ठेवा आणि एक ठरली की उरलेल्या दोन सोडून द्या. आमचा हळद व्यापारी आता हेच करतो. गुरुवारच्या चौकोनात नुसतं ‘दुबई’ लिहितो. टक्के किती सोडायचे ते बायकोलाही सांगत नाही.