ब्रँडच्या चुकीच्या स्पेलिंगचं डोमेन दुसऱ्याने घेतलं तर? आधी काय करायचं, नंतर काय करायचं

1999 सालची केस आहे. रेडिफ या वेबसाइटच्या स्पेलिंगमधला ई काढून तिथे ए टाकला की रॅडिफ होतं, आणि कोणीतरी खरंच ते डॉट कॉम घेऊन बसलं होतं. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. समोरच्यांचं म्हणणं काय, तर आम्ही रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्युचर, फ्री या शब्दांतून नाव बनवलंय! कोर्टाने ते काही मानलं नाही, ते नाव वापरायला मनाई केली.

आता आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांनी काय करायचं ते बघू.

पहिलं काम, कागद घ्या आणि तुमचं नाव लोक इंग्रजीत किती प्रकारे लिहितात ते लिहून काढा. मराठी नावांचा खरा घोळ इथेच आहे. समजा ब्रँड आहे वाघोबा मसाले, तर कोणी व्ही लावेल कोणी डब्ल्यू, कोणी दोन ए टाकेल, कोणी मसालेच्या शेवटी ई ऐवजी ए लिहून मसाला करेल, आणि यातलं कुठलंच तसं "चूक" नाही. घरातल्या चार जणांना टाइप करायला सांगा, यादी आपोआप तयार होते.

त्यातली सगळ्यात जास्त येणारी दोन-तीन, डॉट कॉम आणि डॉट इन दोन्हीमध्ये, स्वतःच घेऊन मूळ साइटवर वळवून टाका. सगळी घ्यायच्या नादी लागू नका, ते संपतच नाही. फक्त डोमेन तुमच्या नावावर घ्या, वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर नको, आणि ऑटो रिन्यूअल चालू ठेवा.

दुसरं म्हणजे ट्रेडमार्क. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप आणि छोट्या उद्योगांना एका क्लासला (म्हणजे माल किंवा सेवेच्या एका गटाला) 4500 रुपये, बाकीच्यांना 9000. रजिस्ट्रेशन नसलं तरी पासिंग ऑफचा, म्हणजे कोणी आपला माल तुमच्या नावावर खपवतोय असा, दावा करता येतो, सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2004 ला डोमेन नावालासुद्धा ते संरक्षण दिलंय, पण तेव्हा बाजारात आपलं नाव आहे हे आधी सिद्ध करत बसावं लागतं. आणि नाव नुसतं "पैठणी साडी" असं असेल तर विसरा, तो शब्द कोणा एकाचा नाही.

मग लक्ष ठेवणं. डीएनएसट्विस्ट नावाचं फुकट टूल आहे, तुमचं डोमेन टाकलं की मिळतीजुळती नावं बनवून त्यातली कुठली घेतलेली आहेत ते सांगतं. पान कोरं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका हं, डोमेनच्या सेटिंगमध्ये एमएक्स रेकॉर्ड नावाची नोंद आहे का बघा, कारण तो असेल तर त्या पत्त्यावर मेल यायची सोय केलेली आहे. तुमच्या गिऱ्हाईकाला "आमचा बँक अकाउंट बदललाय" असा मेल अशाच डोमेनवरून जाऊ शकतो आणि एका अक्षराचा फरक कोण बघतंय.

सापडलंच तर आधी तारखेसकट स्क्रीनशॉट काढा आणि हूइजची नोंद (डोमेन कधी, कुठून, कोणाच्या नावावर घेतलं ती माहिती) सेव्ह करा, रागारागात फोन करू नका. समोरून "एवढे लाख द्या" असा मेल आला तर तो जपून ठेवा, बदहेतूचा पुरावा म्हणून तोच कामी येतो. फसवणूक चालू असेल तर रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) आणि होस्टिंगवाल्याला अब्यूजची, म्हणजे गैरवापराची, तक्रार लगेच टाका, पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन.

डोमेन परत हवं असेल तर कोर्टाबाहेर पंचासमोर वाद सोडवायची सोय आहे: डॉट इनसाठी आयएनडीआरपी, डॉट कॉमसाठी यूडीआरपी. यूडीआरपीत तीन गोष्टी दाखवायच्या: नाव आपल्या मार्कशी गोंधळ होईल इतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एक ते पाच डोमेनसाठी एक पंच घेतला तर फी 1500 डॉलर. जिंकलात तर डोमेन मिळतं किंवा रद्द होतं, नुकसानभरपाई मात्र नाही, त्यासाठी कोर्टच.

आणि हो, तक्रार करायच्या आधी समोरचा माणूस कोण ते नीट बघा. त्याचं आडनावच ते असेल आणि तो तुमच्या आधीपासून दुकान चालवत असेल तर केस तुमच्यावरच उलटते.